एका अक्षराचा पाठभेद : कोरोनाचे उपप्रकार प्रतिपिंडांना कसे चुकवतात

१/२२
१५ डिसेंबर २०२१. राज्याच्या आरोग्य विभागाने त्या दिवशी ओमायक्रॉनच्या चार नव्या रुग्णांची नोंद जाहीर केली : उस्मानाबादचे दोन, मुंबईचा एक, बुलढाण्याचा एक. राज्यातील एकूण संख्या ३२ झाली. आजच्या धाराशिव जिल्ह्याचे अधिकृत नाव तेव्हा उस्मानाबाद होते. तिथल्या दोघांपैकी एक जण शारजाहून परतलेला, तर दुसरा त्याच्या निकट संपर्कातला. दक्षिण आफ्रिकेने या उपप्रकाराची वार्ता जगाला दिल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

२/२२
धाराशिवकरांना विषाणू नवा नव्हता. एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट जिल्ह्याने सोसली होती. लसीकरण जानेवारीपासून चालू होते. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातील इतर देवळांबरोबर तुळजाभवानीचे मंदिरही भाविकांसाठी पुन्हा उघडले होते. आजारातून उठलेल्या आणि लस घेतलेल्या असंख्य लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होती. तरीही पुढच्या काही आठवड्यांत हा विषाणू त्याच लोकांना पुन्हा गाठणार होता. त्याला हे कसे साधले? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर महाराष्ट्राच्याच एका वर्षाच्या इतिहासात आहे.

३/२२
आधी एक जुनी गोष्ट. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी पुढे तीनशे वर्षे हाताने उतरवली गेली. प्रत्येक प्रतीत लेखनिकाच्या हातून काहीतरी निसटले, काहीतरी बदलले, आणि पुढच्या लेखनिकाने ते तसेच उतरवले. पाठभेद साचत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, पैठणच्या संत एकनाथांनी उपलब्ध प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली. कोणती चूक कोणत्या प्रतीतून कुठे उतरली हे पाहून हस्तलिखितांची वंशावळ मांडता येते. विषाणूंची वंशावळही नेमकी याच रीतीने मांडली जाते.

४/२२
कोरोना विषाणूचा जनुकसंच म्हणजे सुमारे ३०,००० अक्षरांचा मजकूर. माणसाच्या पेशीत शिरल्यावर या मजकुराच्या असंख्य नकला होतात आणि नकलेत चुका होतात. या विषाणूजवळ चुका दुरुस्त करणारे एक प्रथिनही असते. त्यामुळे इन्फ्लुएंझाच्या विषाणूपेक्षा तो सावकाश बदलतो. तरी काही चुका सुटतातच. महासाथीच्या पहिल्या वर्षी एका वंशशाखेत महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलत होती. अशा टिकलेल्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात, आणि ठरावीक बदलांचा संच घेऊन पसरणाऱ्या शाखेला उपप्रकार.

५/२२
एक गैरसमज इथेच दूर करणे आवश्यक आहे. ‘लसीला चकवण्यासाठी विषाणूने रूप बदलले’ ही भाषा सोयीची आहे, पण विषाणूला हेतू नसतो. बदल आंधळेपणाने होतात. बहुतेक निरुपयोगी असतात, अनेक तर विषाणूलाच मारक ठरतात. एखादा बदल योगायोगाने त्या क्षणाच्या परिस्थितीत उपयोगी पडतो आणि मग त्याच्याच नकला वाढतात. म्हणून कोणता पाठभेद टिकला हे पाहायचे, तर विषाणूच्या भोवतीचा समाज तेव्हा कोणत्या अवस्थेत होता हेही पाहावे लागते.

६/२२
आता प्रतिपिंडांकडे. विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यासारखी प्रथिने असतात. हे स्पाइक प्रथिन १,२७३ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्याचा एक भाग माणसाच्या पेशीवरील एसीई-२ या ग्राहकाला चिकटतो आणि तिथून विषाणूला पेशीत प्रवेश मिळतो. शरीरातील प्रतिपिंडे काट्याच्या वेगवेगळ्या भागांना पकडतात. त्यांपैकी जी नेमक्या त्या चिकटणाऱ्या भागावर बसतात, ती प्रवेशच अडवतात. साहजिकच विषाणूवरचा सर्वांत मोठा दाब याच छोट्या भागावर येतो.

७/२२
प्रतिपिंडाची पकड आकारावर आणि विद्युतभारावर अवलंबून असते. साखळीतील ४८४ व्या जागी मूळ विषाणूत ग्लुटामिक आम्ल होते. त्याचा भार ऋण. तिथे ग्लुटामाइन आले की भार नाहीसा होतो. ४५२ व्या जागी ल्युसीन होते. तिथे आर्जिनीन आले की धन भार येतो. ऋण भाराला धरून बसणारे प्रतिपिंड आता घसरते. पेशीला चिकटण्याची विषाणूची क्षमता मात्र शाबूत राहते. एका अक्षराच्या बदलाने एवढे घडू शकते. शास्त्रज्ञ हे बदल ‘ई४८४क्यू’ आणि ‘एल४५२आर’ असे लिहितात : आधीचे आम्ल, जागा, नंतरचे आम्ल.

८/२२
२०२० च्या उन्हाळ्यात मात्र चुकवायला प्रतिपिंडेच नव्हती. आयसीएमआरने मे-जून २०२० मध्ये पहिले राष्ट्रीय रक्तद्रव सर्वेक्षण केले. महाराष्ट्रातील सहा जिल्ह्यांत धाराशिवचा शेजारी बीड होता, तसेच परभणी आणि नांदेडही होते. जिल्ह्यागणिक सुमारे चारशे नमुने तपासले गेले आणि प्रतिपिंडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांत आढळली. अशा समाजात लपण्याचे कौशल्य व्यर्थ असते, वेग कामी येतो. त्या काळात जगभर पसरलेला ‘डी६१४जी’ हा बदल तसाच होता. त्याने प्रसार वाढवला, प्रतिपिंडांना फारसे चुकवले नाही.

९/२२
२०२० च्या अखेरीस चित्र बदलू लागले. ब्रिटनमध्ये पुढे अल्फा म्हणून ओळखला गेलेला वेगवान उपप्रकार सापडला. दक्षिण आफ्रिकेत बीटा सापडला. त्यात ४८४ व्या जागेचा बदल होता आणि तो जुन्या प्रतिपिंडांना बऱ्यापैकी चुकवत होता. भारताने डिसेंबर २०२० मध्ये जनुकीय क्रमनिर्धारणासाठी दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा संघ उभारला. त्यात पुण्याच्या दोन संस्था होत्या : राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. पहिलीची स्थापना १९५२ ची. रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने सुरू झालेले ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ ते हेच.

१०/२२
फेब्रुवारी २०२१. देशात रुग्णसंख्या ओसरली होती आणि महासाथ संपल्याची भावना सर्वत्र होती. त्याच वेळी विदर्भात आकडे चढू लागले. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून आठवड्याची टाळेबंदी लागू झाली. महाराष्ट्रातून जमवलेल्या नमुन्यांत एक अपरिचित जोडी वारंवार दिसू लागली : ई४८४क्यू आणि एल४५२आर. या शाखेला ‘बी.१.६१७’ असा क्रमांक मिळाला. तिचे भारतातील सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत. म्हणजे ती काही महिने इथेच वावरत होती. ती ओळखू येईपर्यंत वसंत ऋतू उजाडला.

११/२२
२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निवेदन काढले. १०,७८७ बाधित नमुन्यांपैकी ७७१ मध्ये परदेशात आधीच नोंदलेले चिंताजनक उपप्रकार आढळले होते : ७३६ ब्रिटनचे, ३४ दक्षिण आफ्रिकेचे, एक ब्राझीलचा. त्यापुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे होते. डिसेंबर २०२० च्या तुलनेत महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर यांचे प्रमाण वाढले असून ते सुमारे १५ ते २० टक्क्यांत आढळतात, आणि असे बदल प्रतिकारशक्ती चुकवण्याशी व वाढत्या संसर्गक्षमतेशी निगडित आहेत. रुग्णवाढीशी थेट संबंध जोडण्याइतकी संख्या मात्र अद्याप नाही, असेही त्यात नमूद होते.

१२/२२
दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत एकच शब्द उरला : ‘डबल म्युटंट’. हा शब्द फसवा होता. त्या विषाणूत दोनच बदल नव्हते, कितीतरी अधिक होते. दोन संशयास्पद बदल प्रथमच एकत्र आढळले, इतकाच त्याचा अर्थ. शब्दाने भीती पसरवली आणि लक्ष भलत्याच ठिकाणी वेधले. सगळ्यांची नजर ४८४ वर खिळली. पुढे जे घडले त्यात ४८४ चा वाटा जवळजवळ नव्हता.

१३/२२
बी.१.६१७ या घराण्यात तीन भावंडे होती. पहिल्या शाखेत ती गाजलेली जोडी होती. तिला पुढे ‘कप्पा’ म्हटले गेले. दुसऱ्या शाखेत ४८४ चा बदल नव्हताच. तिच्याजवळ एल४५२आर होते, ४७८ व्या जागी वेगळा बदल होता, आणि ६८१ व्या जागी प्रोलीनऐवजी आर्जिनीन होते. ही ६८१ ची जागा काट्याच्या छेदनस्थळाशेजारी आहे. तिथला बदल काटा कापला जाण्यास आणि पेशीत शिरण्यास मदत करतो. राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाराष्ट्राच्या दुसऱ्या लाटेतील ४५२, ४८४ आणि ६८१ या तीन जागांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिसरी शाखा फारशी पसरली नाही.

१४/२२
वृत्तपत्रांनी धास्ती घेतली होती ती पहिल्या भावंडाची, बाजी मारली दुसऱ्याने. काही आठवड्यांत बी.१.६१७.२ ने कप्पाला मागे टाकले. केंब्रिजमधील रवींद्र गुप्ता यांच्या गटाने भारतीय संशोधकांसह केलेल्या अभ्यासात ही शाखा पेशींत अधिक कार्यक्षमतेने शिरते व वाढते, असे दिसले. आधीच्या संसर्गातून आलेली प्रतिपिंडे तिच्यापुढे सुमारे सहापट, तर लसीतून आलेली सुमारे आठपट कमी प्रभावी ठरली. म्हणजे तीही थोडे चुकवत होतीच. पण तिचे मुख्य बळ वेग होते, कारण देशातील बहुसंख्य लोक अजूनही प्रतिपिंडांविना होते.

१५/२२
त्या वेगाची किंमत एप्रिल-मे २०२१ मध्ये देशाने मोजली. ६ मे रोजी एका दिवसात चार लाख चौदा हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. प्राणवायूसाठीची धावपळ, स्मशानांतील रांगा, रुग्णालयाच्या दारात रात्र काढणारे नातेवाईक, हे मराठवाड्यानेही पाहिले. त्याच सुमारास नावाचा वाद उफाळला. जगभर ‘इंडियन व्हेरिअंट’ हा शब्द रूढ होत होता आणि भारत सरकारने १२ मे रोजी त्याला हरकत घेतली. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरे वापरण्याचे ठरवले. बी.१.६१७.२ डेल्टा झाला.

१६/२२
जूनमध्ये महाराष्ट्राला आणखी एक धक्का बसला. डेल्टावर ‘के४१७एन’ हा बदल चढलेला ‘डेल्टा प्लस’ राज्यात सापडला. २१ जूनपर्यंत २१ रुग्ण नोंदले गेले. त्यांत रत्नागिरीचे नऊ आणि जळगावचे सात होते. हा बदल बीटामध्येही होता व काही प्रतिपिंडांना चुकवत असे. सरकारने निर्बंध पुन्हा कडक केले. सावधगिरी रास्त होती, पण डेल्टा प्लसची लाट आली नाही. प्रतिपिंडांना चुकवणारा एखादा बदल अंगी असला म्हणून उपप्रकार जिंकतोच असे नाही, हे कप्पानंतर दुसऱ्यांदा दिसले.

१७/२२
मग परिस्थितीच पालटली. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. महाराष्ट्रातील प्रमाण सुमारे ५८ टक्के होते. वर्षभरापूर्वी बीड-परभणीत जी गोष्ट अपवाद होती ती आता बहुतेकांची स्थिती झाली होती. यामागे दुसऱ्या लाटेचे अपार दुःख होते आणि लसीकरणही होते. विषाणूच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की मोकळे मैदान संपले होते. केवळ वेगवान असणे आता पुरेसे नव्हते. जुन्या प्रतिपिंडांच्या पकडीतून निसटणारा पाठभेद आता पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने फायद्याचा ठरणार होता.

१८/२२
नोव्हेंबर २०२१ मध्ये तो दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवाना येथील नमुन्यांत दिसला. २६ नोव्हेंबरला त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळाले. एकट्या काट्यात तीसहून अधिक बदल होते, त्यांतले सुमारे पंधरा नेमके चिकटणाऱ्या भागात. ४१७, ४७८, ४८४ या परिचित जागा तिथे होत्याच. ४८४ व्या जागी या वेळी तिसरेच आम्ल आले होते. दोन मात्रांतून मिळालेली प्रतिपिंडे प्रयोगशाळेत त्याच्यापुढे फारच दुबळी ठरली. डेल्टाविरुद्धची घट काही पटींची होती, इथे ती अनेक प्रयोगांत वीसपट वा अधिक दिसली.

१९/२२
धाराशिवची ती नोंद या टप्प्यावरची. जिल्ह्यात तोवर तपासणीची सोय झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या उपकेंद्रातही कोविड चाचणीची प्रयोगशाळा होती. आरटी-पीसीआर चाचणी विषाणू आहे की नाही हे सांगते. तो कोणत्या शाखेचा हे सांगायला सगळा मजकूर वाचावा लागतो. ओमायक्रॉनच्या पहिल्या शाखेत काट्याचा एक तुकडा गळलेला असल्याने काही चाचण्यांत एक खूण दिसेनाशी होई आणि संशय येई. पक्का निर्वाळा मात्र क्रमनिर्धारणच देई. आफ्रिकेतील वार्तेपासून मराठवाड्यातील नोंदीपर्यंतचा काळ वीस दिवसांचा होता. वर्षापूर्वी स्वतःच्या अंगणातली शाखा ओळखायला महिने लागले होते.

२०/२२
जानेवारी २०२२ मध्ये लाट आलीच. देशात दिवसाला साडेतीन लाखांच्या जवळपास रुग्ण नोंदले गेले, त्यांत आधी बाधित झालेले व लस घेतलेले पुष्कळ होते. मृत्यूंचे प्रमाण मात्र दुसऱ्या लाटेच्या मानाने कितीतरी कमी राहिले. ओमायक्रॉन फुप्फुसात खोलवर वाढण्यात डेल्टाइतका समर्थ नव्हता, हे एक कारण. दुसरे कारण प्रतिकारशक्तीच्या रचनेत आहे. प्रतिपिंडे विषाणूला दारातच अडवतात. टी पेशी मात्र बाधित झालेल्या पेशी शोधून नष्ट करतात, आणि त्या काट्याचे अनेक वेगवेगळे तुकडे ओळखतात. काही अक्षरे बदलल्याने त्यांची ओळख पुसत नाही. पहिला पहारा चुकवता आला, दुसरा बव्हंशी टिकला.

२१/२२
त्यानंतरची नावे याच कथेची पुढची पाने आहेत. २०२२ मधील बीए.५ मध्ये महाराष्ट्राने आधी पाहिलेले एल४५२आर परतले. दोन शाखांच्या मजकुरांची सरमिसळ होऊन एक्सबीबी जन्मला. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ चा राज्यातील पहिला रुग्ण सिंधुदुर्गात नोंदला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या ओमायक्रॉनवर बेतलेल्या एमआरएनए लसीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. विषाणूचा मजकूर बदलतो, म्हणून लसीचाही बदलावा लागतो. सर्दीच्या एका जुन्या कोरोना विषाणूवर अमेरिकेत झालेला प्रयोग हेच सांगतो : १९८० च्या दशकात साठवलेली रक्तद्रवे त्या काळच्या विषाणूला अडवत होती, पुढच्या दशकांतल्या विषाणूंपुढे ती दुबळी पडत गेली.

२२/२२
म्हणून २०२१ चे वर्ष नीट वाचण्याजोगे आहे. त्याच्या आरंभी प्रतिपिंडे थोड्यांकडे होती आणि वेगवान डेल्टा जिंकला. त्याच्या अखेरीस ती बहुतेकांकडे होती आणि चुकवणारा ओमायक्रॉन जिंकला. दोन्ही निकालांमागे समाजाच्या रक्तात साठलेला आदला इतिहास होता. १५ डिसेंबरच्या पत्रकातील धाराशिवच्या त्या दोघांकडे अनेकांनी रोग आणणारे म्हणून पाहिले असेल. इतिहासाच्या दृष्टीने ते वेगळेच ठरतात. त्यांनी नमुना दिला, कोणीतरी तो वाचला, आणि विषाणूच्या वंशावळीत एका दूरच्या जिल्ह्याची जागा नोंदली गेली. जिथले नमुने वाचले जात नाहीत, तिथला पुढचा पाठभेद लाट आल्यावरच कळतो.